निनावी डब्याची परतावा चाचणी

आपल्याकडे मालकी सिद्ध करण्याचे दोनच मार्ग सर्वमान्य आहेत. एक सातबारा आणि दुसरा भांड्यावर घातलेलं नाव. यापैकी सातबाऱ्यावरून तीन पिढ्या कोर्टात भांडता येतं. भांड्यावरच्या नावापुढे मात्र भलेभले वकील गप्प बसतात. घर वाटून घेताना भाऊ-भाऊ भिंतीवरून हमरीतुमरीवर येतात, पातेल्यावरून येत नाहीत, कारण ते पातेलं कुणी, कुणाला, कोणत्या प्रसंगी आणि किती तारखेला दिलं हे सगळं त्यावर कोरलेलं असतं, आणि भिंतीवर तसं काही कोरून ठेवायचं कुणाला सुचलेलं नसतं. (ज्या देशांत भांड्यांवर नावं घालत नाहीत, तिथली माणसं निव्वळ एकमेकांवर विश्वास ठेवून कशी जगत असतील, याचा कुणीतरी अभ्यास करायला हवा.)

या व्यवस्थेचे डोंबिवली पश्चिमेतले आधारस्तंभ म्हणजे महिपतराव गोठणकर. गेली चौतीस वर्षं ते भांड्यांच्या एका दुकानाच्या पायरीवर स्टूल टाकून नावं घालत आले आहेत. आधी छिन्नी-हातोडी होती, मग विजेचं मशीन आलं. त्याची सुई कर्रकर्र करत ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षर उमटवते, आणि महिपतरावांचं अक्षर असं की वेलांटी सुबक, मात्रा डौलदार आणि अनुस्वार जागच्या जागी. त्यांच्या स्वतःच्या मोजदादीप्रमाणे आजवर त्यांनी चार लाख बारा हजार नावं घातली. त्यातली एक्केचाळीस टक्के 'आईबाबांकडून', बावीस टक्के 'वास्तुशांतीनिमित्त', एकोणीस टक्के नावं पूर्ण पत्त्यासह (म्हणजे चोराला परत आणून देताना अडचण पडू नये), आणि सात टक्के ठिकाणी आधीच्या देणाऱ्याचं नाव घासून त्याजागी नव्या देणाऱ्याचं घातलेलं. बाकीच्यांत एका भांड्यावर तीन-तीन नावं असल्यामुळे बेरीज शंभराच्या पुढे जाते. तिला इलाज नाही.

महिपतराव कोपरला राहतात. घरी पत्नी मंजुळाबाई आणि एकुलती मुलगी संचिता. संचिता धातूंची इंजिनिअर झाली आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या 'अक्षत सरफेस' नावाच्या लहानशा कारखान्यात लेझरच्या मशीनवर लागली. ती तिथे नेमकं काय करते हे मंजुळाबाईंना शेजारीपाजारी समजावून सांगावं लागे. चष्मा घालवतात तोच लेझर, असं त्या सांगत. त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या कांताबाईंनी एकदा संचिताला जिन्यात गाठून, हनुवटीवरचा मस रविवारी काढून देशील का, असं विचारलं होतं.

प्रत्यक्षात संचिता धातूवर धातूचा थर चढवत असे. हा प्रकार समजून घेणं प्रत्येक जबाबदार नागरिकाचं कर्तव्य आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. धातूचे अणू मुळात फार शिस्तीचे. वितळलेला धातू सावकाश गार झाला की ते शाळेतल्या प्रार्थनेसारखे रांगा लावून उभे राहतात. एका वर्गाची रांग संपते आणि दुसऱ्याची सुरू होते तिथे फट राहते, आणि गंज आत शिरतो तो या फटीतून. आता पत्र्यावर लोखंड, क्रोमियम, बोरॉन वगैरेंची भुकटी सोडायची, तिच्यावरून लेझरचा झोत झरकन फिरवायचा. भुकटी क्षणात वितळते, आणि झोत पुढे सरकताच खालचा गार पत्रा तिची उष्णता ओढून घेतो. हे इतक्या वेगाने होतं, की अणूंना रांग लावायला वेळच मिळत नाही. पोरं 'स्टॅच्यू' खेळतात तसे ते जिथे, जसे, ज्या अवतारात असतील तसे थिजतात. रांगा नाहीत म्हणून फटी नाहीत, आणि फटी नाहीत म्हणून गंज नाही. शिवाय हा थर इतका कठीण, की त्यावर ओरखडा उठत नाही. थोडक्यात, ज्यांना कमिटी नेमायला वेळ मिळाला नाही त्यांचं काम सर्वांत टिकाऊ होतं. (हा शोध लागायला शास्त्रज्ञांना फार वर्षं लागली, कारण तेही बहुतेक वेळ कमिटीतच असतात.)

कारखान्याचे मालक यज्ञेश. वय एकतीस, वडिलांकडून कारखाना मिळालेला आणि स्वतःकडून उत्साह. हा थर तोवर पंपांच्या दांड्यांवर चढत असे, आणि दांडे मुकाट्याने टिकत. पण पंपाचा दांडा कुणी हौसेने घरी आणून शोकेसमध्ये ठेवत नाही, हे यज्ञेश यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी डबे काढायचं ठरवलं. गोल, झाकणाचा, दोन किलो रवा मावेल असा 'अक्षत' डबा. वरचा थर संचिताचा. आतला पत्रा मात्र साध्यातला साधा घेतला, कारण वर असं कवच असल्यावर आत काय आहे हे कुणी बघत नाही. हे तत्त्व इतर अनेक क्षेत्रांतही मान्यता पावलेलं आहे.

पहिला डबा संचिता घरी घेऊन आली. महिपतरावांनी तो हातात घेतला, उजेडात फिरवला, टिचकी मारून पाहिला. लेकीने बनवलेला पहिला डबा म्हटल्यावर नाव घालणं ओघानेच आलं. त्यांनी मशीन लावलं, मजकूर मनाशी जुळवला ('कु. संचिता महिपत गोठणकर हिच्या हातचा पहिला') आणि सुई टेकवली. सुई सर्रकन घसरली. पुन्हा टेकवली, पुन्हा घसरली. तीन सुया बोथट झाल्या आणि डबा होता तसाच लख्ख राहिला.

"बाबा, राहू दे," संचिता म्हणाली. "त्यावर नाही काही उठणार. तेच तर केलंय ना आम्ही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. हिऱ्याची टोकं लावून बघितली आम्ही लॅबमध्ये. तीसुद्धा झिजली थोडी."

महिपतरावांना आपल्या लेकीचा फार अभिमान वाटला. आणि तिने हे जे काही जगावेगळं केलं ते नेमकं आपल्या सुईविरुद्ध केलं, याचं वाईटही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटल्यामुळे त्यांनी जेवताना दोनदा भात मागून घेतला आणि तो तसाच ताटात ठेवला.

त्या लग्नसराईत सहा हजार डबे खपले. आमटी आंबली तरी डाग नाही, लोणचं मुरलं तरी वास नाही, काथ्याने घासला तरी चरा नाही. गिऱ्हाईक खूश. त्यानंतर गिऱ्हाईक नाव घालायला निघालं आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंत समाजजीवन ढासळू लागलं. कल्याणच्या एका हळदीकुंकवात एकवीस जणींना एकवीस डबे वाण म्हणून मिळाले. एकवीसच्या एकवीस डबे घरोघर गेले. तरीही आपला डबा दुसरीकडे गेला आणि दुसरीचा आपल्याकडे आला, याबद्दल एकवीसही जणींची खात्री होती. वर्तकनगरच्या एका इमारतीत सामूहिक जेवणानंतर चौदा सारखे डबे उरले. ते वाटून घ्यायची बैठक जेवणापेक्षा जास्त चालली, आणि शेवटी ज्याला ज्या घरची भाजी आवडली होती तो त्या डब्यावर हक्क सांगू लागला. डोंबिवलीत एका घरी तर हा डबा सासरचा की माहेरचा हे कुणालाच सांगता येईना. पुरावा नाही म्हणून वाद नाही, वाद नाही म्हणून तीन महिने त्या घरात पूर्ण शांतता पसरली. अखेर घाबरून त्यांनीच डबा दुकानात परत केला.

कंपनीकडे एक हजार नऊशे चाळीस तक्रारी आल्या. डबा वाईट आहे असं एकाही तक्रारीत म्हटलेलं नव्हतं.

यज्ञेश यांनी लगोलग नामलेखन समिती नेमली. समितीत ते स्वतः, पत्रा पुरवणारे एक गृहस्थ, ठाण्यातले एक निवृत्त अधिकारी (त्यांना धातूंतलं काही कळत नव्हतं, पण समित्यांतलं सगळं कळत होतं) आणि तज्ज्ञ म्हणून महिपतराव. समितीने तीन बैठका, अकरा प्लेट बटाटेवडे आणि एक पाहणी दौरा यानंतर असा निष्कर्ष काढला, की जिथे सुई चालत नाही तिथे लेझर चालेल. ज्या लेझरने थर चढवला त्यानेच नाव घालावं.

संचिताला टिपण द्यायला बोलावलं होतं. ती म्हणाली, "सर, अक्षर दिसायला हवं तर झोत तिथे स्लो न्यावा लागेल. स्लो नेला की अणूंना टाइम मिळतो, ते रांगा लावतात. मग सगळ्या डब्यात गंज धरायची जागा एकच राहील. नावाची."

"लोक काय मागतायत? नाव," यज्ञेश म्हणाले. "गंजाबद्दल कुणी विचारलंय का? नाही ना? मग?"

"आतला पत्रा साधा आहे सर. वरून एकदा शिरला की आरपार जाईल."

इतिवृत्तात नोंद अशी झाली: 'कु. गोठणकर यांनी गंजाविषयी मत मांडले. मत नोंदवून घेण्यात आले. चहा झाला.'

त्यातून आणखी एक अडचण निघाली. लेझरने कॉम्प्युटरची अक्षरं काढली तेव्हा नमुना पाहायला आलेल्या बायकांनी नाकं मुरडली. हे नाव नव्हे, ही तर बँकेची नोटीस, असं त्यांचं म्हणणं पडलं. नाव हवं ते महिपतरावांच्या हातचं. यज्ञेश स्वतः कोपरला आले आणि सोफ्यावर बसून म्हणाले, "काका, तुमची सगळी बाराखडी मला कागदावर लिहून द्या. मशीनमध्ये भरतो. तुम्हाला पोस्ट देतो ना, सीनिअर सल्लागार, नामलेखन. आणि बघा, डबे असे पडून राहिले तर मला लेझरचं डिपार्टमेंट बंदच करावं लागेल. मग संचिताचं काय, सांगा."

संचिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.  महिपतरावांना लेकीचं म्हणणं पटलेलं होतं; इतकी वर्षं भांडी हाताळल्यावर गंज पत्रा कसा खातो हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पण तिची नोकरी जाईल या भीतीने त्यांनी बाराखडी लिहून दिली, जोडाक्षरांसकट. लिहिताना हात कापला नाही याची त्यांना नंतर लाज वाटली.

सहा हजार डबे परत मागवून नावं घालून दिले, आणि नवे निघाले ते नावासकटच. सगळीकडे समाधान पसरलं. चौथ्या महिन्यात अक्षरं तांबूस झाली तेव्हा तर समाधान वाढलं, कारण ती उठून दिसू लागली. सहाव्या महिन्यात अक्षरांतून उजेड दिसू लागला. सातव्या महिन्यात आमटी गळू लागली.

कंपनीने केलेल्या पाहणीत असं आढळलं, की गळतीचं प्रमाण नावाच्या लांबीवर अवलंबून आहे. नुसतं 'सान्वी' असं नाव असलेला डबा दिवसाला अर्धा चमचा गळे. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, इमारत, मजला आणि 'यांजकडून सप्रेम भेट' असा मजकूर असलेला डबा शेजारच्या दारी पोहोचेपर्यंत रिकामा होई, मात्र कुणाकडून आला हे जिन्यावरच्या ओघळावरून सहज कळे. ग्राहकांकडून सूचना मागवल्या तेव्हा नाव काढून टाका असं एकानेही सुचवलं नाही. काहींनी पातळ पदार्थ खाण्यातून कमी केले. तीनशे बारा जणांनी डब्याखाली ठेवायला एक ताटली मागितली, आणि ताटलीवरही नाव असावं असं सुचवलं. घोडबंदर रोडवरच्या एका गृहस्थांनी, शेजाऱ्याचं नाव आपल्यापेक्षा लांब असूनही कमी गळतं, याची लेखी तक्रार केली.

ताटल्यांनी कारखाना तगला नाही. डबे ढिगाने परत येऊ लागले आणि यज्ञेश यांनी लेझरचं मशीन विकायला काढलं. परराज्यातलं एक गिऱ्हाईकही लागलं. संचिताला नोटीस मिळाली. तिच्या कामाचं दुसरं मशीन या पट्ट्यात नाही. मशीन गेलं की तिची पाच वर्षांची मेहनतही त्याच ट्रकमध्ये जाणार होती.

आयुष्यात पहिल्यांदाच महिपतराव आपण होऊन कुणाच्या केबिनमध्ये शिरले. "साहेब," ते म्हणाले, "मी नावं घालणारा माणूस आहे, मीच सांगतो. नाव नका घालू. पोरीने केलेला डबा मुळात नीट होता. त्याला भोकं पाडली ती माझ्या अक्षरांनी."

"काका, बिननावाचं भांडं घराबाहेर पडलं की संपलं. ते परत येतच नाही. कोण घेणार सांगा?"

"येतं," महिपतराव म्हणाले. खरं तर त्यांना खात्री नव्हती. चौतीस वर्षांत त्यांना कधी असा प्रश्नच पडला नव्हता.

यावर बराच वेळ बोलणं झालं आणि शेवटी कागद झाला. त्याचं शीर्षक 'निनावी डब्याची परतावा चाचणी'. त्यानुसार संचिताने नव्या मिश्रणाचा थर चढवून एकच डबा तयार करायचा. त्यावर नाव, चिकटपट्टी, दोरा किंवा बायका ओळखीसाठी लावतात तसा नेलपॉलिशचा ठिपका यापैकी काहीही नसावं. डब्यात काहीतरी खायचं घालून तो गोठणकरांच्या घरातून शेजारी द्यावा. मिळालेलं भांडं रिकामं परत करू नये आणि ज्याने दिलं त्यालाच परत करावं, हा रिवाज सर्वांना ठाऊक असल्याने वेगळ्या सूचना देऊ नयेत. हा डबा कुणाचा हे गोठणकर कुटुंबाने कुठेही बोलू नये, मागू नये, उचलून आणू नये. नव्वद दिवसांत तो आपल्या पायांनी (म्हणजे लोकांच्या) घरी परतला, तर मशीन राहील आणि इथून पुढे डबे बिननावाचे निघतील. न परतल्यास मशीन जाईल. डब्यातल्या पदार्थाच्या चवीबद्दल कंपनी जबाबदार नाही.

डबा सुरेख झाला. त्याला किंचित निळसर झाक होती. मंजुळाबाईंनी त्यात ओल्या नारळाच्या वड्या भरून तो खाली कांताबाईंकडे दिला.

कांताबाई अतिशय सरळ बाई. डबा परत करायचा हे त्यांच्या पक्कं ध्यानात होतं, फक्त रिकामा कसा द्यायचा म्हणून त्या काहीतरी चांगलंसं करायची वाट बघत राहिल्या. तेवढ्यात कल्याणहून त्यांची लेक दक्षता आली आणि जाताना त्यातच सुकटीची चटणी घेऊन गेली. दक्षतानेही डबा ढापला नाही. तिने त्यातून वर्तकनगरच्या एका मैत्रिणीला लिंबाचं लोणचं दिलं. मैत्रिणीने ते अकरा दिवस त्यातच मुरवलं आणि मग त्यातूनच शेजारी काकडीची कोशिंबीर पाठवली. ही सगळी माहिती मंजुळाबाईंना फोनवरून, कुणालाही काहीही न विचारता मिळत गेली. त्यांचं फोनवर बोलणंच तसं आहे. मिळाली की त्या संचिताला सांगत, आणि संचिता वहीत मांडत असे: मीठ, आंबट, मासळी, दही, गंज शून्य, ओरखडे शून्य. एवढी कडक तपासणी कुठल्या प्रयोगशाळेत झाली नसती. कुणीही चोरी केलेली नव्हती. प्रत्येकाने फक्त परत द्यायच्या ऐवजी पुढे दिला होता.

सेहेचाळिसाव्या दिवशी महिपतराव पायरीवर बसले होते, तेव्हा त्यांची धाकटी बहीण रंभा वर्तकनगरहून पिशवी घेऊन आली. पिशवीतून तिने दोन ताटल्या काढल्या, एक तांब्या काढला, आणि मग तो डबा काढला.

"दादा, यावर नाव घालून दे रे. मस्त आहे ना? धुतला की नवाच्या नवा."

महिपतरावांनी डबा हातात घेतला. निळसर झाक ओळखायला त्यांना चष्म्याची गरज नव्हती.  आता तो मांडीवर ठेवून, हा माझ्या लेकीचा आहे, एवढंच म्हणायचं होतं, आणि कागदाप्रमाणे नेमकं तेवढंच म्हणायचं नव्हतं.

"तुझा का गं हा?"

"माझाच की."

"म्हणजे विकत घेतलास?"

"विकत नाही रे. शेजारून कोशिंबीर आलेली त्यातून. देणारच आहे मी परत. पण आत्ता माझ्याकडे आहे ना, म्हणून म्हटलं नाव घालून ठेवू, हरवायला नको कुठे."

महिपतरावांनी या वाक्यावर बराच वेळ विचार केला. मग त्यांनी सुई लावली, टेकवली, आणि ती सर्रकन घसरताना पाहून बहिणीला दाखवली. "नाही उठत," ते म्हणाले. डबा परत देताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सुईची धूळ गेली, असं त्यांनी सांगितलं. त्या सुईने त्या डब्यावर धूळ उडणं शक्य नव्हतं, पण रंभाला धातूंतलं काही कळत नाही.

"मग काय उपयोग याचा," म्हणत रंभाने डबा पिशवीत टाकला. नाव घालता येत नसल्यामुळे तिचा त्यातला जीव उडाला आणि पुढच्याच आठवड्यात तिने त्यातून लेकीकडे, रुचिताकडे, घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर गाजरहलवा पाठवला. रुचिताने हलवा ऑफिसात नेला. तिथे सगळ्यांनी मिळून तो संपवला, आणि 'डबा असू दे, मी धुऊन उद्या परत आणून देईन,' असं म्हणून कुणीतरी तो घरी नेला. हा अठ्ठावन्नावा दिवस. त्यानंतर मंजुळाबाईंच्या फोनवरसुद्धा काही समजलेलं नाही.

आज शहाऐंशीवा दिवस आहे. संचिता अजून कामाला जाते. नव्वद दिवस भरायच्या आधीच मशीन खोलायला आलेल्या माणसांना ती कुठला भाग कसा गुंडाळायचा ते दाखवते, कारण ती दाखवणार नाही तर तो मोडेल. महिपतराव दुपारी चारनंतर पायरीवर बसत नाहीत. कुणी डबा घेऊन आलं आणि घराला कुलूप असलं तर, म्हणून घरी थांबतात. कांताबाई दोनदा जिन्यात भेटल्या आणि, तुमचा एक डबा आहे हो माझ्याकडे, देते हं, असं म्हणाल्या. नव्वदावा दिवस सोमवारी भरतो, ट्रक मंगळवारी सकाळी येणार आहे.

कागदाची अट गोठणकरांना आहे, मला नाही; म्हणून मी केलेल्या तपासात डबा ज्यांच्याकडे अडकलाय त्यांच्याबद्दल थोडीफार माहिती हाती आली आहे. माणसं सज्जन आहेत. वाचणारी आहेत, चांगलं काही हाती लागलं की शेवटपर्यंत वाचतात. दुसऱ्याचं भांडं ठेवून घेणाऱ्यातली तर अजिबात नाहीत. परत द्यायचा आहे हे त्यांच्या लक्षात आहे, फक्त रिकामा कसा द्यायचा म्हणून थांबली आहेत. म्हणून जास्त ताणत नाही. तुमच्या स्वयंपाकघरात, मधल्या फळीवर, मागच्या बाजूला तो निळसर डबा आहे. गेल्या रविवारी तुम्ही खिळ्याने त्यावर आपलं नाव घालून पाहिलंत आणि ते उमटलं नाही. आत रवा आहे. तो काढून ठेवा आणि मंगळवारच्या आत डबा कोपरला आणून द्या. रिकामा आणलात तरी चालेल.